माग बंद झाल्यावर

पंच्याहत्तर सालचा चैत्र. पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. नेसरीचा गणपती आणि त्याची बायको यल्लव्वा पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाली, ती लेकीची पोरं बघायला. दिवसभर नातवंडांत बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं, एवढाच बेत. दारात दुभती म्हैस होती, मुक्काम करून भागणार नव्हतं.

लेक पारू कबनूरला होती. जावई कृष्णात तिथं कापड विणायच्या विजेच्या मागावर कामाला. दिवाळीनंतर त्यांनी जुनी खोली सोडून मागाच्या शेडाला लागूनच नवी खोली घेतली होती, ती या दोघांनी अजून पाहिली नव्हती. खरं म्हणजे दीड वर्षात त्यांचं जाणंच झालं नव्हतं. आधी गणपती बांधावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, सहा महिने खाटेवर गेले. मग सुगी आली, मग पाऊस, मग पुन्हा सुगी. यल्लव्वाच्या मनाला ते सारखं लागून राहिलेलं.

"शालन आता आठाची झाली आसंल," गाडीत ती म्हणाली. "धनू चाराचा. त्यो तर वळखायचाबी न्हाय आपल्याला."

"रगात वळखतंय की," गणपती म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

पत्र टाकलं नव्हतं. पत्र पोचायच्या आत आपणच पोचू, असं त्याचं म्हणणं.

इचलकरंजीच्या स्टँडवर उतरून टांग्यानं ती कबनूरला आली तेव्हा साडेदहा झाले होते. ऊन चढलं होतं. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबायच्या आधीच मागांचा आवाज कानावर आला. शेकडो माग एकदम चाललेले. खटखट, खटखट, खटखट. तो आवाज कानानं ऐकावा लागत नव्हता, जमिनीतून तळपायात शिरत होता. भिंती थरथरत होत्या, दारावरच्या कड्या आपोआप वाजत होत्या. माणसं एकमेकांशी बोलत होती ती ओरडून. वाऱ्यावर सुताची कुसं उडत होती आणि कुठूनतरी सुताला लावायच्या आंबलेल्या खळीचा वास येत होता.

एका दारात एक बाई रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. गणपतीनं तिला पारूची खोली विचारली.

बाईनं मान वर केली, दोघांकडं पाहिलं आणि हसली. "आज इचारून जायाला लागलं व्हय? ती काय, फुडची. आज लई लौकर आलासा."

मागांच्या गदारोळात हिला दुसरंच काहीतरी ऐकू गेलं असेल, असं यल्लव्वाला वाटलं. ती पुढं झाली.

आईबापाला दारात बघून पारूला काही सुचेना. आईच्या गळ्यात पडून ती थोडी रडली, मग पाणी आणायला धावली, मग पाणी तसंच ठेवून बापाची मांडी कशी आहे ते विचारत बसली. खोली लांबट आणि अंधारी होती. पुढं एक दार, मागं परड्यात उघडणारं दुसरं. मागच्या दाराशी मोरी. एका बाजूची भिंत शेडाचीच, त्यामुळं फळीवरची भांडी सारखी किणकिणत होती.

धनू नवा सदरा घालून, भांग पाडून, खोलीच्या मधोमध बसला होता.

"बघा की ह्याचं," पारू म्हणाली. "पाडव्याचा सदरा हाय. सकाळी उठल्यापासनं घालून बसलाय. आज आज्जा न्ह्यायला येनार म्हनतोय. तुमी तर पत्र टाकलं न्हाईसा, आनि ह्याला कसं कळलं कुनाला ठावं."

सगळी हसली. गणपती तर फारच खूश झाला. "म्हटलं न्हवतं का मी, रगात वळखतंय." त्यानं धनूला उचलून घेतलं. धनूनं त्याच्या पागोट्याला हात लावून पाहिला, मग गालाला लावला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आत्ताच आलासा? माग चालू हाईत की अजून."

शालन मात्र पुढं आली नाही. धान्याच्या कणगीआड उभी राहून ती यल्लव्वाच्या पायांकडं बघत होती, मग हातांकडं, मग तोंडाकडं. यल्लव्वानं पिशवीतून भाजलेले काजू काढून पुढं केले. पोरीनं आईकडं पाहिलं. आई हो म्हणाल्यावर तिनं हात पुढं केला, आणि काजू घ्यायच्या आधी यल्लव्वाच्या बोटांना हळूच शिवून पाहिलं.

"गरम हाय," ती स्वतःशीच म्हणाली.

"उनातनं आले न्हवं का बाळा," यल्लव्वा म्हणाली. पण पोरीच्या बोलण्यानं तिला कसंसंच झालं. दीड वर्षात पोर एवढी परकी झाली, असं तिला वाटलं आणि तिनं तो दोष स्वतःकडंच घेतला.

जेवणं झाली. पारूनं घाईघाईत पोळ्या केल्या होत्या. पावणेदोनला तिनं धुण्याचं गाठोडं बांधलं.

"दोनला वीज जाती आनि चारला येती," ती म्हणाली. "म्हैना दोन म्हैनं झालं, रोजचंच हाय. तेवढ्यात मी हिरीवर धुनं आटपून येती. रोज पोरं दाराला कडी लावून झोपत्यात, मला घोर लागल्याला असतोय. आज तू हाईस, निवांत जाती बघ."

गणपतीही उठला. वीज गेली की कृष्णात मोकळा होतो, शेडात जाऊन जावयाशी चार गोष्टी बोलून येतो, म्हणाला. पारू मागच्या दारानं विहिरीकडं गेली, गणपती पुढच्या दारानं शेडाकडं. खोलीत यल्लव्वा आणि दोन पोरं राहिली.

बाहेर माग चालूच होते. शालन उठली, पुढच्या दाराला तिनं आतून कडी घातली, आणि मग पहिल्यांदाच यल्लव्वाजवळ येऊन बसली. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज्जी, तू खरी हाईस?"

"म्हंजे गं?"

"माग बंद झालं तरी तू हितंच बसशील?"

"मग कुठं जाऊ?"

शालननं गुडघे पोटाशी घेतले. मग तिनं सांगायला सुरुवात केली, थांबत थांबत, मध्येच दाराकडं बघत. माग बंद झाले की रोज आज्जी आणि आज्जा येतात. आई विहिरीवर गेल्यावर. दारात उभं राहून हाक मारतात. पहिल्या दिवशी तिनं आनंदानं दार काढलं. ती दोघं आत आली नाहीत, उंबऱ्यावर बसली. आज्जीनं तिचे केस विंचरले. आज्जीचे हात विहिरीच्या पाण्यासारखे गार होते.

"कंची आज्जी, बाळा? दुसऱ्या कुनीतरी आसतील. शेजारच्या..."

"न्हाय. तुमीच."

यल्लव्वानं पोरीला आपल्याकडं वळवलं.

"आईला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं. आई म्हनली, तुला आज्जीची आठवन येती म्हनून सपान पडतंय." शालननं धनूकडं पाहिलं. "मला भ्याव वाटाय लागलं. मी दार काढायची न्हाय. पर धनू काढतोय. आज्जा त्याला मांडीवर घेतोय, मग धनू झोपतोय... लई हालवलं तरी उठत न्हाय. माग सुरू झालं की मग उठतोय."

धनू सदऱ्याच्या गुंड्या चाचपत शांत बसला होता. त्याच्या डोळ्यांखालचा काळसरपणा आता यल्लव्वाच्या नजरेत भरला. मनगटं काडीसारखी झाली होती.

"काल आज्जी म्हनली," शालन म्हणाली, "उद्या धनूला न्ह्यायला येतो. सदरा घालून बस म्हनावं."

आणि त्याच वेळी माग बंद झाले.

एकदम. शेवटचा ठोका पडला आणि पुढचा आलाच नाही. भांड्यांची किणकिण थांबली, कडी वाजायची थांबली. सकाळपासून कानात भरून राहिलेला आवाज असा निघून गेला की यल्लव्वाला आपल्या कानात नुसती सूं सूं ऐकू यायला लागली. बाहेर लखलखीत ऊन. गल्लीत कुणी नाही. कुठं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. दाराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप जमिनीवर पडली होती, तिच्यात सुताची कुसं तरंगत होती.

ती तिरीप मध्येच तुटली. दाराबाहेर कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"शालन... दार काढ बाळ."

यल्लव्वाचा हात तोंडावर गेला. तो तिचा स्वतःचा आवाज होता. दम्यानं थोडा ओढल्यासारखा, शेवटी किंचित घोगरा. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे माणसाला माहीत नसतं, पण तिला क्षणभरही शंका आली नाही. आणि त्याच्या मागं कुणीतरी खोकलं. चाळीस वर्षं शेजारी झोपून ओळखीची झालेली, कोरडी, दोन वेळा येणारी ढास.

तिला वाटलं, हे आपले धनीच असतील. वीज गेली, म्हणून परत आले असतील. तिनं उठायला हात जमिनीला टेकला.

"यल्लव्वा," बाहेरून गणपतीचा आवाज आला. "मी हाय. दार काढ की."

ती तशीच थबकली. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकलंस का, पारूची आई. कधी रागात काहीबाही. नाव कधीच नाही.

तिनं शालनला जवळ ओढलं. मग तिचाच आवाज पुन्हा आला, आता दाराच्या अगदी फळीला लागून.

"शालन, आत कोन बसलंय गं तुझ्याजवळ?"

शालननं यल्लव्वाकडं पाहिलं.

"ती तुझी आज्जी न्हवं बाळा. तिच्यापासनं बाजूला हो... आनि दार काढ. तुझ्या टाळूवर तेल म्या घातलं. तुला देवी टोचल्या तवा रातभर मांडीवर म्या घेतलं. ती कोन? कदी आलती तुझ्याकडं?"

एक एक शब्द खरा होता. बाहेरची तीच बोलत होती, आणि आत ती मुकी होऊन बसली होती. शालन हळूहळू तिच्या मिठीतून सुटली आणि दोघींच्या मध्ये, खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ती एकदा दाराकडं बघत होती, एकदा यल्लव्वाकडं. दाराची कडी तिच्या हाताच्या अंतरावर होती.

"माझी चिंधीची भावली कुठं हाय?" शालननं विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही कळलं नसेल.

"जुन्या खोलीत, उतरंडीच्या मागं पडली," बाहेरचा आवाज लगेच म्हणाला. "उंदरानं तिचं डोस्कं कुरतडलंय."

शालन यल्लव्वाकडं वळली. थांबली.

यल्लव्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला कुठनं ठावं बाळा?" ती म्हणाली. "भावली कवा केलीस, कवा हरवली, मला काय बी ठावं न्हाय. मी दीड वर्सानं आले तुझ्याकडं. लई उशीर झाला मला."

शालननं एकदा दाराकडं पाहिलं. मग ती धावत आली आणि यल्लव्वाच्या पोटात तोंड खुपसून तिला घट्ट धरून बसली.

बाहेर कुणी हललं नाही. खळीचा आंबूस वास मात्र खोलीत भरायला लागला, सकाळी वाऱ्यावर आला होता त्याहून दाट, ओलाच. यल्लव्वानं पदर नाकाला लावला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की धनू जागेवर नाही.

मागचं दार. पारू धुणं घेऊन त्या दारानं गेली होती, आणि त्याला आतून कडी घालायची राहिली होती.

धनू मोरीजवळ उभा होता. दार अर्धवट उघडलं होतं. परड्यात, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, गणपती उभा होता. तेच धोतर, तेच पागोटं, एका पायावर भार टाकून उभं राहायची तीच लकब. त्यानं वाकून धनूचा हात धरला होता. त्याच्या तोंडावर नातवाकडं बघणाऱ्या आज्याचं कौतुक होतं. त्यानं यल्लव्वाकडं पाहिलं, पण ते कौतुक तोंडावरून हललं नाही. डोळे इकडं वळले आणि चेहरा तसाच राहिला.

ती कशी उठली, तिला आठवत नाही. तिनं धनूचा दुसरा हात धरला आणि ओढला. पलीकडून जोर नव्हताच. नुसता धरून ठेवलेला हात, खुंटीसारखा. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, पाय मोरीच्या कडेला रोवले. धनू रडत नव्हता. त्याची मान कलायला लागली होती, डोळे मिटत होते. पाठीमागं पुढच्या दारावर थाप पडत होती, सावकाश, एकसारखी, आणि तिचाच आवाज म्हणत होता, "सोड गं त्याला... दुखवू नगंस... लेकरू हाय."

"शालन," यल्लव्वा ओरडली, "धर त्याला."

शालन धावली. तिनं धनूच्या कमरेला मिठी मारली. दोघी मिळून ओढत होत्या.

चार वाजले होते, की त्या दिवशी वीज लवकर आली, हे यल्लव्वाला कधीच सांगता आलं नाही. भिंतीपलीकडं एक माग खटकला, मग दुसरा, आणि मग सगळे एकदम. भांडी किणकिणायला लागली. धनू इतका एकाएकी सुटला की तिघंही मागं कोसळली. परड्यात ऊन होतं. वाळत घातलेली एक चादर होती. दुसरं काही नव्हतं.

धनूनं डोळे उघडले आणि हंबरडा फोडला. त्याच्या उजव्या मनगटावर ओल होती, आणि त्या ओलीला खळीचा वास येत होता.

थोड्या वेळानं गणपती आणि कृष्णात आले. गणपती पूर्ण वेळ शेडातच होता, सुताच्या गठ्ठ्यावर बसून जावयाशी बोलत. पारू आली, तिनं पोरांना कुशीत घेतलं, आणि आईचं ऐकून घेताना तिचं तोंड उतरत गेलं. तरी ती म्हणत होती, उन्हाचं, आई, उन्हानं असं होतं. तेव्हा रहाटावरची ती बाई दारात आली. रडणं ऐकून आली होती. फातिमा तिचं नाव.

"काय झालं गं पारूआक्का?" तिनं विचारलं, आणि गणपती-यल्लव्वाकडं बघून म्हणाली, "आनि तुमी काका, रोज असं उनात उंबऱ्यावर बसता, आत का बसत न्हाईसा?"

पारूनं आईकडं पाहिलं.

"दोन म्हैनं बघतीया मी," फातिमा म्हणाली. "हाक मारली तर वळून बघत न्हाईसा. म्हटलं म्हातारी मानसं, ऐकू येत नसंल."

पारूनं उठून मागच्या दाराला कडी घातली.

यल्लव्वानं एवढंच सांगितलं, की पोरं या खोलीत आणखी एक दुपार राहणार नाहीत. कृष्णातनं मान हलवली. चार दिवसांत दुसरी खोली बघतो, तोवर पोरं नेसरीला न्या, म्हणाला. पारूनं रडत रडत पोरांचे कपडे पिशवीत भरले. धनूच्या अंगावर सदरा तोच होता.

इचलकरंजीच्या स्टँडवर नेसरीची गाडी लागली होती. ड्रायव्हर अजून आला नव्हता, इंजिन बंद होतं. ती चौघं मधल्या बाकावर बसली. यल्लव्वाच्या मांडीवर धनू, खिडकीशी शालन, कडेला गणपती. गणपतीचा विश्वास बसला होता की नाही, कळत नव्हतं. कंडक्टर मागून तिकिटं फाडत फाडत पुढं आला.

"दोन फुल, दोन हाफ. नेसरी," गणपती म्हणाला.

कंडक्टरनं तिकिटं फाडली, पंच केली, दिली. तरी तो उभाच राहिला.

"आनि मागल्या दोघांची?"

"कोन मागली?"

"शेवटच्या बाकावर म्हातारा-म्हातारी बसल्यात की. नेसरीचीच हाईत. आमची तिकिटं फुडली मानसं काढत्यात म्हनाली." त्यानं यल्लव्वाकडं नीट पाहिलं. "बहीन का तुमची? म्हनत्यात, पोरं झोपली की मागं द्या म्हनावं. तुमाला वझं नगं."

यल्लव्वानं नवऱ्याचा गुडघा दाबून धरला. "अवो... मागं बघू नगासा."

पण गणपतीनं मान वळवली. तो बराच वेळ बघत होता. गाडीत माणसं होती, बोचकी होती, कुणीतरी विडी ओढत होतं. मग तो हळूच सरळ झाला. त्याच्या तोंडावर रंग राहिला नव्हता. त्यानं कनवटीला हात घातला आणि आणखी दोन तिकिटांचे पैसे कंडक्टरच्या हातावर ठेवले.

त्यानं काय पाहिलं, आणि पैसे का दिले, हे तो मरेपर्यंत कुणाला बोलला नाही.

गाडी सुटली तसा त्यानं धनूला आपल्या मांडीवर घेतलं आणि पोरांशी बोलायला लागला. मुळात अबोल माणूस. पण त्या दिवशी तो बोलतच राहिला. म्हशीबद्दल, माकडांबद्दल, उसातल्या कोल्ह्याबद्दल. धनूची मान पेंगेनं खाली गेली की तो त्याला गदगदा हलवायचा, चिमटे काढायचा, रडवायचा. शालनला त्यानं मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. निपाणी गेली, संकेश्वर गेलं, गडहिंग्लज मागं पडलं. पोरांना त्यानं डोळा लागू दिला नाही.

नेसरी आली तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. फाट्यावर उतरणारी हीच चौघं. गणपतीनं दोन्ही पोरांना काखेत मारलं, यल्लव्वानं पिशवी उचलली, आणि मागं न बघता ती खाली उतरून घराच्या वाटेला लागली.

गाडी मात्र तिथंच थांबून राहिली. घंटी काही होईना. कंडक्टर दारातला दांडा धरून उभा होता, आणि आतल्या अंधाराकडं बघून हळू आवाजात म्हणत होता, "सावकाश, आज्जी... सावकाश उतरा. घाई न्हाय."